मागची सीट

गेल्या दिवाळीच्या आधीची, म्हणजे २०२५ सालच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. रविवार होता. भाजणी दळून आणायची होती, म्हणून मी डबा भरून ह्यांची वाट बघत बसले होते. हे सकाळी दूध आणायला म्हणून जे गेले ते साडेदहा वाजले तरी पत्ता नाही. शेवटी आले ते दुधाची पिशवी हातात तशीच, कोमट झालेली, आणि चेहरा मात्र शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलासारखा.

"अगं, एक गाडी बघून आलो," म्हणाले.

मी डब्याचं झाकण लावता लावता थांबले. कारण आमच्या घरात ‘गाडी’ हा शब्द साधा राहिलेला नव्हता. का ते आधी सांगते.

२०२३ च्या जुलैमध्ये एका रात्री सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. बाहेर पाऊस असा की समोरचं दिसू नये. आम्ही राहतो सिडकोत. दारात होती फक्त स्कूटर. शेजारच्यांची मोटार होती, पण ते गावाला गेलेले. हे भिजत चौकापर्यंत धावले, रिक्षा मिळेना. १०८ ला फोन करावा हेसुद्धा त्या घाबरगुंडीत कुणाला सुचलं नाही. (तो आकडा आता स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या वर मोठ्या अक्षरांत लिहून लावला आहे. तुमच्याकडे नसेल तर आजच लावा.) अखेर मागच्या गल्लीतल्या एका भल्या माणसाने आपली मोटार काढली. त्यात चाळीस मिनिटं गेली. बाबा त्यानंतर अकरा दिवस होते. डॉक्टर म्हणाले, "चाळीस मिनिटांनी फार फरक पडला नसता." ते वाक्य आम्ही दवाखान्यातून घरी आणलं खरं, पण त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे अजून कुणाला ठरवता आलेलं नाही.

तेव्हापासून घरात ठरलं की गाडी घ्यायची. हे अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात टूलरूममध्ये आहेत. मी सकाळच्या सत्रात एका शाळेत अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवते, दुपारी घरी आठ-दहा मुलांच्या शिकवण्या. ह्यांचा ओव्हरटाइम, माझा पगार, आमच्या बारा जणींची भिशी असं करत सव्वादोन वर्षांत चार लाख वीस हजार जमले होते. त्या पैशाला आम्ही ‘गाडीचे पैसे’ म्हणत असू. त्यांना हात लागू नये म्हणून मी गेल्या वर्षी भावाच्या मुंजीला जुनीच पैठणी नेसले. हे सांगते ते कौतुकासाठी नाही, पैसे कसले होते ते कळावं म्हणून.

तर, "कुठली गाडी?" मी विचारलं.

"सॅन स्टॉर्म. गोव्यात बनायची. कॉलेज रोडला एका ओळखीच्यांकडे आहे. लाल. साडेतीन लाख म्हणतात."

मी हे नाव ऐकलंच नव्हतं. "सिटा किती?"

हे जरा थांबले. "दोन."

देवघरातून सासूबाईंचा आवाज आला, "दोन? मग मी काय टपावर बसू?"

"आई, टप कापडाचा आहे. काढता येतो," हे म्हणाले. आणि आम्ही तिघंही हसलो. पण हसणं थांबल्यावर माझ्या लक्षात आलं की हे थट्टा करत नव्हते.

त्या आठवड्यात आमच्या घरी जेवणाच्या पानावर दुसरा विषय नव्हता. ही स्टॉर्म १९९८ साली सॅन मोटर्सने गोव्यात बनवली. अंग पत्र्याचं नाही, फायबरचं. इंजिन फ्रान्सच्या रेनॉ कंपनीचं, ११४९ सीसी, साठेक अश्वशक्तीचं. म्हणजे जोर म्हणाल तर हल्लीच्या साध्या घरगुती गाडीइतकाच, पण वजन हलकं, बैठक जमिनीला टेकलेली आणि वर आकाश. आपल्या देशात अशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. २०१२ साली दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात दिलीप छाब्रियांनी ‘अवंती’ नावाची दोन सिटांची गाडी दाखवली होती, तीही फार कुणाच्या दारात दिसली नाही. बाहेरच्या जगात मात्र अशा गाड्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. जपानच्या माझदाने १९८९ पासून बनवलेल्या दोन सिटांच्या गाडीचा आकडा २०१६ मध्ये दहा लाखांवर गेला. हे सगळं मला ह्यांच्याकडून कळलं. लग्नाला तेरा वर्षं झाली, पण माझ्या नवऱ्याच्या डोक्यात इतकं काही भरलेलं आहे हे मला माहीत नव्हतं. भाजी कुठली करू म्हटलं की "काहीही कर" म्हणणारा हा माणूस!

थोरला अकरा वर्षांचा. तो अर्थातच बापाच्या बाजूने. धाकटी सात वर्षांची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पण मग मी कुठे बसणार?"

ह्यांनी उत्तर दिलं नाही. मला वाटलं, संपला विषय. तो संपला नाही.

मी भांडले नाही. शिक्षिकेचा स्वभाव, मी वही काढली. मालक ओळखीचे होते, महिनाभर थांबायला तयार होते. मी म्हटलं, "आपण महिनाभर लिहून काढू. घरातून कोण, कुठे, किती जण जातात. मग ठरवू." मनातून मला खात्री होती की वहीच माझ्या वतीने बोलेल.

नोव्हेंबरचा महिनाभर मी रोज रात्री लिहिलं. महिनाअखेरीस बेरीज केली, आणि खरं सांगते, ओशाळले. घरातून एकूण बावन्न फेऱ्या झाल्या होत्या. त्यांतल्या अडतीस फेऱ्यांना एक किंवा दोनच माणसं होती. हे कामावर एकटे. मी शाळेत एकटी. मी आणि धाकटी वाण्याकडे. हे आणि थोरला केस कापायला. म्हणजे बावन्नातल्या अडतीस वेळा ती दोन सिटांची गाडी पुरली असती! हे वही बघून काही बोलले नाहीत, फक्त हसले. मला त्या हसण्याचा राग आला.

मग मी उरलेल्या चौदा फेऱ्या परत वाचल्या. त्यांत सासूबाईंचा गुडघा होता. त्यांना दवाखान्यात न्यायचं तर एक माणूस गाडी चालवायला, एक माणूस त्यांना धरायला, आणि शाळा सुटलेली धाकटी घरी एकटी ठेवता येत नाही म्हणून तीही. त्यांत सिन्नरला माझ्या चुलत्यांच्या दहाव्याला जाणं होतं. थोरल्याला ताप चढला तेव्हा त्याला मांडीवर घेऊन बसायचं होतं. आणि पुढच्या वर्षी, २०२७ मध्ये, सिंहस्थ आहेच. तेव्हा नाशिककरांच्या घरी कोण कोण उतरतं हे ज्याचं त्याला ठाऊक. अडतीस फेऱ्या अशा होत्या की त्या स्कूटरवर, बसने, पायीसुद्धा झाल्या असत्या. त्या चौदा तशा नव्हत्या. तेव्हा मला कळलं की मी मोजलं बरोबर, पण मोजायची गोष्ट चुकली. गाडी किती वेळा लागते हे बघायचं नसतं, गाडीवाचून अडतं कधी ते बघायचं असतं. गाडीच कशाला, फ्रिज घेताना, खोली वाढवताना, मुलाला दुसऱ्या शाळेत घालतानासुद्धा हीच वही उपयोगी पडेल असं मला वाटतं.

शिवाय खर्च. कुणी जुनी गाडी घेणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून सांगते. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यावी लागते. पूर्वी ह्याची फी सहाशे रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ती पाच हजार झाली, आणि वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार. ही स्टॉर्म २००३ सालची, म्हणजे वीस वर्षं उलटलेली. त्यात नंबर गोव्याचा. तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला आणायचा, इथे रोड टॅक्स भरायचा, मग एमएच-१५ नंबर मिळणार. जुन्या गाडीचा पर्यावरण कर वेगळा. आणि गाडी बनणं बंद होऊन दहा वर्षांच्या वर झालेली. एखादी काच फुटली, दिवा गेला, तर तो कुठून आणायचा? "मी बनवीन," हे म्हणाले. टूलरूमचा माणूस, बनवतीलही. पण दिवा बनेपर्यंत दवाखाना थांबत नाही.

हे सगळं मी ह्यांना एका रात्री मुलं झोपल्यावर सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझं बरोबर आहे. पण प्रत्येक गोष्ट लागते म्हणूनच घ्यायची का गं? आवडते म्हणून एक तरी?"

आणि मी बोलू नये ते बोलले. म्हणाले, "त्या रात्री ही गाडी दारात असती, तर बाबांना कुठे बसवलं असतं?"

हे उठले, गॅलरीत जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून गाडीचा विषय बंद. "तू म्हणशील ती बघू," एवढंच. मी जिंकले होते. पण घरात असं काही शांत शांत झालं की विचारू नका. चहा घेतला का, घेतला. उशीर होईल का, होईल. बायकांना हे कळतं. माणूस रुसला तर समजूत काढता येते. ज्याने मनातून एखादी गोष्ट काढून टाकली, त्याची समजूत कशी काढणार?

सासूबाईंच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. एका दुपारी मी वाल निवडत बसले होते. त्या शेजारी येऊन बसल्या, पसाभर वाल आपल्या पुढ्यात ओढले आणि म्हणाल्या, "ह्यांची येझदी होती, तुला सांगितलं होतं का कधी?"

नव्हतं सांगितलं. बाबा ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. लग्नाआधी त्यांनी येझदी मोटरसायकल घेतली होती. ती म्हैसूरला बनायची. रविवारी सकाळी ती पुसत बसायचे म्हणे. १९८३ साली ह्यांचा जन्म झाला, आणि सासूबाईंनी सांगितलं, "लेकराला घेऊन मी ह्या फटफटीवर बसणार नाही. स्कूटर घ्या." तेव्हा बजाजच्या स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. बाबांनी ज्याचा नंबर लागला होता अशा एकाकडून वरचे पैसे मोजून ती घेतली, आणि त्यासाठी येझदी विकली. एका शब्दाने बोलले नाहीत.

"मी म्हटलं ते बरोबरच होतं," सासूबाई म्हणाल्या. "त्या स्कूटरवर तुझा नवरा पुढे उभा राहायचा, मी मागे, वन्संचं बाळंतपण, दळण, सिलिंडर, सगळं तिच्यावरून झालं. पण रस्त्याने कुठे येझदीचा आवाज आला की हे बोलताना थांबायचे. आवाज लांब जाईपर्यंत थांबायचे, मग पुढचं बोलायचे. चाळीस वर्षं. मी कधी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं."

मग त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या, बाबांची पत्र्याची पेटी उघडली. विम्याचे कागद, कारखान्याचा बिल्ला, जुने पासबुक, आणि त्याखालून वर्तमानपत्राचं एक पिवळं पडलेलं कात्रण. लाल रंगाची, टप नसलेली, दोन सिटांची मोटार. कडेला बाबांच्या अक्षरात ह्यांचं नाव आणि ‘१९९८’.

ह्यांचं तेव्हा दहावीचं वर्ष. बाबा रात्रपाळीहून येताना तो कागद घेऊन आले होते, आणि ह्यांना झोपेतून उठवून दाखवला होता. "बघ, आपल्याकडे, गोव्यात बनली." बापलेक सकाळी सहाला ओट्यावर बसून ते चित्र बघत होते, असं सासूबाई म्हणाल्या. तुला नोकरी लागली की आपण एकदा चालवून बघू, असं काहीतरी दोघांचं ठरलं होतं.

मला काय वाटलं ते लिहिता येणार नाही. मी ज्या माणसाला ‘बाबांना कुठे बसवलं असतं’ असं विचारलं होतं, त्याला त्या गाडीत शेजारी कोण बसलेलं दिसत होतं ते मला आता कळत होतं.

त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "मला ती गाडी बघायची आहे."

"कशाला? ठरलंय ना आपलं."

"घ्यायची नाही. बघायची आहे."

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी आम्ही दोघंच गेलो. मुलं सासूबाईंजवळ. मालक मोठे सज्जन. म्हणाले, "तासभर फिरवून आणा." पदर खोचून मी आत बसले. बसले कसली, उतरले म्हणा, पाटावर बसल्यासारखी बैठक. आम्ही गंगापूर रोडने धरणाच्या बाजूला निघालो. सोमेश्वर गेलं. पुढे रस्ता मोकळा झाला, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे. थंडी अशी की डोळ्यांतून पाणी यावं. वारा कानांत भरलेला, काही बोलता येत नाही, आणि बोलायची गरजही नाही. हे काही फार वेगात चालवत नव्हते. पण एका वळणावर त्यांनी गिअर बदलला आणि माझ्याकडे बघितलं, ते मी लग्नानंतर प्रथमच बघितलेलं तोंड होतं. म्हणजे ते तोंड आधीपासूनच होतं, पण मी ते बघायला शेजारी नव्हते. स्कूटरवर मी मागे असते, मला दिसते ह्यांची पाठ. भाड्याच्या गाडीने कुठे गेलो तर पुढे सासूबाई किंवा हे, मी मागे पोरांना धरून.

तेव्हा मला आणखी एक गोष्ट कळली आणि मी जरा दचकले. इतके दिवस मी ज्या पाच सिटांच्या गाडीसाठी भांडत होते, तिच्यात माझी जागा मागेच असणार होती. आणि जी गाडी मी नको म्हणत होते, तिच्यातली दुसरी सीट माझी होती. ह्यांनी दोन सिटा म्हटलं तेव्हा मी मोजलं ते कोण कोण राहून जाईल. कोण बसेल, ह्याचा विचारच मला सुचला नव्हता. आपल्याला बायकांना अशी सवयच असते, नाही का? पोळ्या मोजताना आपली सोडून मोजायची.

धरणाजवळ आम्ही टपरीवर चहा घेतला. कात्रण मी पर्समधून नेलं होतं. ह्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "मी त्या रात्रीचं बोलले ते चुकलं." हे बराच वेळ कागद बघत राहिले. मग म्हणाले, "गाडी नाहीच घ्यायची. तुझ्या वहीतलं मला पहिल्या दिवसापासून पटलं होतं. फक्त कुणीतरी एकदा ‘तुला का हवी’ असं विचारावं, असं वाटत होतं."

तासाऐवजी दीड तासाने आम्ही किल्ली परत केली. मालकांनी घड्याळाकडे बघितलंही नाही.

आता कुणी म्हणेल, मग घ्यायची होती तीच गाडी, एवढं कळलं तर! नाही. कळणं वेगळं आणि परवडणं वेगळं. पुष्कळ पैसे असते तर दारात एक अशी आणि एक तशी उभी केली असती. आमच्याकडे चार लाख वीस हजार होते आणि ते एकदाच खर्च होणार होते. मोठमोठ्या कारखान्यांनासुद्धा हा हिशेब चुकत नाही. आमच्या नाशिकलाच महिंद्राच्या कारखान्यात थार बनते. २०२० साली ती नव्या रूपात आली तेव्हा तिला दोन बाजूंना दोनच दारं होती, मागे बसणाऱ्याने पुढची सीट वाकवून चढायचं. तरुण पोरं खूष. पण २०२४ साली त्याच थारला मागची दारं लावून ‘रॉक्स’ काढावी लागली. कारण पोरांची लग्नं होतात! आणि टाटांची नॅनो? पावसात स्कूटरवरून चाललेलं चौघांचं कुटुंब बघून रतन टाटांना ती सुचली म्हणतात. २००८ साली ती दिल्लीत दाखवली, दहा वर्षांनी बंदही झाली. गाडी टिकली नाही, पण टाटांनी त्या स्कूटरवर जे बघितलं ते खोटं नव्हतं. ते आम्हीच होतो.

संक्रांतीच्या आधी आम्ही २०१६ सालची वॅगन आर घेतली. राखाडी, उंच, दिसायला डब्यासारखी. घेताना काय केलं ते थोडक्यात सांगते. ओळखीचा मेकॅनिक बरोबर नेला. नोंदणीचं पुस्तक, विमा, आधीचं कर्ज फिटल्याचा कागद बघितला. आणि सर्वांत महत्त्वाचं, गाडी बघायला पाचही जण गेलो. सासूबाईंना तीनदा बसायला-उतरायला लावलं. बैठक उंच असली की गुडघे फार वाकवावे लागत नाहीत. विकणाऱ्याला वाटलं असेल, ही मंडळी गाडी घ्यायला आलीत की बसायला! पण वृद्ध माणूस ज्या घरात आहे तिथे हे बघावंच.

आणि मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा, हा नियम मी पहिल्या दिवसापासून केला आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. मागे बसलं की आपण सुरक्षित, ही समजूत सोडली पाहिजे. मुलं कुरकुरतात. कुरकुरू देत.

आणखी एक. ह्यांची महिन्यातून एक आठवडा रात्रपाळी असते. गाडी दारात आणि चालवणारा कारखान्यात, तर त्या गाडीचा उपयोग काय? म्हणून मी शिकाऊ परवाना काढला आहे. सकाळी सहाला आमच्या मागच्या मैदानात शिकते. परवा कुंडी फोडली. पण उलटं वळण आता जमतं.

गाडीची पहिली फेरी अर्थातच वणीला, सप्तशृंगीला. २०१८ पासून वर जायला ट्रॉली आहे, म्हणून सासूबाईंनाही पायऱ्यांची भीती नाही. सकाळी निघायच्या वेळी मी नेहमीप्रमाणे मागचं दार उघडून आत बसत होते. डब्यांची पिशवी, पाण्याच्या बाटल्या, धाकटीचा उलटीचा डबा, सगळं माझ्याकडे. सासूबाई गाडीशी उभ्या. पुढचं दार ह्यांनी त्यांच्यासाठी उघडून धरलेलं.

"मी मागे बसते," त्या म्हणाल्या.

"आई, तुमचे गुडघे—"

"मागे मला पाय तिरपे टाकता येतात. पुढे बसून समोर काय बघायचं? ट्रकच." मग माझ्या हातातली पिशवी घेत म्हणाल्या, "आणि गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी कुणी बोलायला लागतं गं. मी ह्यांच्या शेजारी कधी बसलेच नाही. येझदीवर मागे, स्कूटरवर मागे. शेजारी बसायची वेळ आली ती त्या रात्री, तेव्हा हे बोलत नव्हते."

कुणी काही बोललं नाही. मी पुढे जाऊन बसले. दिंडोरी येईपर्यंत मागे आजी आणि दोन्ही नातवंडं गाण्याच्या भेंड्या खेळायला लागली होती. हे गाडी चालवत होते. एका वळणावर गिअर बदलला आणि माझ्याकडे बघितलं. धरणाच्या रस्त्यावरचं ते तोंड अगदी तसंच होतं असं मी म्हणणार नाही. तितका वारा आत येत नव्हता. पण ओळखीचं होतं.

ती लाल गाडी पुण्याच्या कुणीतरी घेतली असं नंतर कळलं. ह्यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "बरं झालं. चालती राहील." आणि बोलता बोलता थांबले.

मी विचारलं, "काय आठवलं?"

आणि ह्यांनी सांगितलं. चहा गार होईपर्यंत सांगत होते.